संडेचा भूगोल-लेखन क्लास (सहावी ते आठवी), इंदूर: फी वसूल, झेरॉक्सचा नकाशा सोडून

नाव लिहीत नाहीये, कारण क्लास घेणाऱ्या काकूंनी स्वतःच सांगितलंय की आधीच जागा नसते, अजून गर्दी नको. अन्नपूर्णा भागात विचारलंत तर कळेलच. माझी मुलगी सातवीत आहे, सीबीएसई, इंग्लिश मीडियम. आठ रविवारांची बॅच केली, साडेतीन हजार फी. मराठी, हिंदी, इंग्लिश, कशातही लिहा म्हणतात, आमचीने मराठीत लिहायचं ठरवलं, आजीला वाचून दाखवता येतं म्हणून (खरं कारण आजी दर वाचनाला पन्नास रुपये देते).

आधी मला वाटलं होतं की हे दोन विषय एकत्र म्हणजे काहीतरी नवीन फॅशन. शाळेत भूगोल म्हणजे नद्यांची नावं पाठ आणि निबंध म्हणजे "मी केलेला प्रवास", त्यात निसर्गरम्य, अविस्मरणीय, मन प्रसन्न झाले, संपलं. इथे पहिल्याच दिवशी काकूंनी फळ्यावर अशा अकरा शब्दांची यादी लिहिली आणि सांगितलं की आठ आठवडे हे बंद. निसर्गरम्य एक नंबरला होता.

मग पहिलं काम. अन्नपूर्णा मंदिरापासून राजवाड्यापर्यंत कसं जायचं ते एका परिच्छेदात लिहा. सोपं ना? तो कागद दुसऱ्या मुलाला दिला आणि त्याने फक्त वाचून कोऱ्या पानावर नकाशा काढायचा, लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. आमचीने लिहिलं होतं "महू नाक्यावरून पुढे जा, मग थोडं वळलं की येतंच". आता चौराह्यावर पुढे म्हणजे कुठे, थोडं म्हणजे किती? त्या पोराने बिचाऱ्याने राजवाडा मंदिराच्या दक्षिणेला नेऊन ठेवला, आहे तो ईशान्येला. घरी येऊन ही चिडलेली, त्याला काही येत नाही म्हणे. पण पुढच्या रविवारी काकूंनी नकाशा जिथे जिथे चुकला तिथलं वाक्य शोधायला लावलं आणि सगळी हिचीच निघाली. "तुझं वाक्य मोघम आहे" असं मी तिला दोन वर्षं सांगतेय, काही उपयोग नाही, आणि इथे एका चुकलेल्या राजवाड्याने काम केलं. माझ्या मते सगळ्या क्लासमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच, बाकी काही शिकवलं नसतं तरी चाललं असतं.

दुसरं मोठं काम थेंबाचं. मला आधी धसका बसला, म्हटलं आलं "मी थेंब बोलतोय". पण तसं नव्हतं. महूजवळचं जानापाव घेतलं. तिथल्या डोंगरावर उत्तरेच्या उतारावर पाऊस पडला तर पाणी चंबळेला, मग यमुना, गंगा, बंगालचा उपसागर. दक्षिणेला पडला तर नर्मदेला आणि भरूचवरून अरबी समुद्रात. दोघादोघांची जोडी, एकाला उत्तर एकाला दक्षिण, आणि पहिल्या ड्राफ्टमध्ये थेंबाला काय वाटलं ते लिहायचंच नाही, फक्त कुठून कुठे, काय दिसलं, जमीन कशी आहे. हिला उत्तर आली. चंबळच्या बीहडांबद्दल लिहायचं म्हणून ग्वाल्हेरच्या मावशीला फोन करून अर्धा तास डोकं खाल्लं, आणि मग लिहिलं की पावसाचं पाणी मऊ मातीत आधी चर पाडतं, चराची घळ होते, घळीला घळ मिळत जाते आणि शेवटी शेतच राहत नाही. मला ते वाक्य आवडलं. हिची पार्टनर एका पानात समुद्रात पोचली, हिची चार पानं, त्यावरून पण भांडण.

आणि तिथूनच सरांनी (काकूंचे मिस्टर, नकाशाचा भाग ते घेतात) तिसरं काम काढलं, जे मला स्वतःला कधी सुचलं नव्हतं आणि मी इथेच जन्मले, वाढले. आपल्या नळाला नर्मदेचं पाणी येतं, 1978 पासून, खाली नर्मदेकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंपाने वर ओढून, इंदूर 550 मीटरच्या आसपास उंचीवर. आणि वापरून झालेलं पाणी जातं कान्हमध्ये, तिथून शिप्रा, चंबळ, गंगा. म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आपण बादलीत धरतो आणि बंगालच्या उपसागराकडे सोडून देतो! यावर पोरांनी महापालिकेला पत्र लिहायचं होतं, एक मागणी आणि तिला तीन कारणं, त्यातलं एक तरी नकाशा दाखवून. अर्ध्या पोरांना कान्ह ही नदी आहे हेच माहीत नव्हतं, नाला म्हणत होती. आपणही म्हणतोच.

आता तक्रारी. इंदूर जिल्ह्याचा नकाशा दिला त्यावर लिहिलेलं 1 सेंमी म्हणजे 5 किमी, पण तो ए-फोर वरून ए-थ्रीवर मोठा करून झेरॉक्स काढलेला. नकाशा दीडपट झाला आणि प्रमाण तेच राहिलं! पोरांनी पट्टीने मोजलं तर महू तीस किलोमीटर, सरळ रेषेत आहे वीस-एकवीस. आमच्याकडे रोज महूला अप-डाउन करणारा माणूस आहे, तो म्हणाला मग माझा पेट्रोलचा भत्ता वाढवा. सांगितल्यावर सरांनी पुढच्या वेळी खाली पट्टीवालं प्रमाण काढून दिलं, ते नकाशाबरोबर मोठं होतं म्हणून चुकत नाही, ठीक आहे, पण भूगोलाच्या क्लासमध्ये हे आई-बाबांनी सांगायचं का?

बारा मुलांची बॅच सांगितली आणि तिसऱ्या रविवारी एकोणीस झाली. त्यामुळे वही तपासून यायला दोन-दोन आठवडे, आणि तपासणी मात्र चांगली, लाल शाईने चुका नाही, समासात प्रश्न असतात, "इथून काय दिसतं?", "हे कोणत्या दिशेला?" वगैरे. सिरपूर तलावाची ट्रिप एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता, का भिया? पक्षी पण सावलीत बसले होते.

शुद्धलेखन फारसं बघत नाहीत. ज्यांना परीक्षेचे मार्क लगेच वाढायला हवेत त्यांनी पैसे घालवू नका, शाळेच्या पेपरशी याचा तसा संबंध नाही, आमचीचे भूगोलाचे मार्क होते तेवढेच आहेत. पण परवा पुण्याहून आत्या आली, तिला मी फोनवर पत्ता सांगत होते तर हिने फोन ओढून घेतला, म्हणाली आई, तू "जवळच" म्हणू नकोस.

चार स्टार. पुढची बॅच जूनमध्ये, टू-व्हीलरनेच जा, गल्लीत गाडी लावायला जागा नाही आणि समोरचे आजोबा ओरडतात.