नागद्वार का चौरागड? एकच खेप जमणार असेल तं

मध्य प्रदेशातल्या पचमढीच्या या दोन यात्रा, चौरागडचा डोंगरावरचा महादेव आणि नागद्वारचं जंगलातलं नागदेवाचं ठाणं. दोन्ही जमत असतील तं प्रश्नच नाही, पण वावर सोडून वर्षातून एकदाच निघता येते अशांनी विचारलं म्हणून लिहून राहिलो. मटकुलीचा घाट, जिप्सीवाल्यांचे भाव, मुक्काम हे आपल्याकडच्या पोट्ट्यांना मी काय सांगणार, ते सोडतो. फक्त पायाखाली काय येते तेवढंच.

चौरागड म्हणजे महाशिवरात्री. रान वाळलेलं, वाट कोरडी, रस्ता चुकायची भीती नाही. मोठ्या महादेवाच्या गुफेपासून आधी जंगलातली वाट आणि मग तेराशेच्या वर पायऱ्या. दम लागते, पण बसत बसत कोणीही चढते. (जुन्नारदेवच्या ‘पहिली पायरी’ देवस्थानापासून, भुरा भगत या ठिकाणावरून पायी येणाऱ्यांची गोष्टच वेगळी, त्यांच्याशी आपली बरोबरी नको.)

नागद्वारची वाट नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवसच उघडते, एरवी ते व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, बंद. म्हणजे पाऊस आलाच. जलगलीपासून पुढं काजरी, चिंतामण, स्वर्गद्वार असं चढ-उतार करत जावं लागते, कुठं माती, कुठं खडक, कुठं ओढा, मधीच लोखंडी शिडी. चिखल आहे, पण आपल्या काळ्या मातीसारखा बुटाला चिकटून जड होत नाही, रेताड आहे, पावसानं धुऊन जाते आणि झाडाच्या मुळ्या तेवढ्या उघड्या राहतात, त्यावर पाय देऊ नये. तिथला दगड वालुकाश्माचा, खरखरीत. नुसता ओला असला तं धरून ठेवते. घात करते तो हिरवट थर, आणि तो जमते कडेला, जिथं कोणाचे पाय पडत नाहीत. म्हणून मधोमध, हजारो लोकांनी घासून ठेवलेल्या जागेवरच चालायचं. रांग थांबली म्हणून जो बाजूनं पुढं घुसते तोच आपटते, हे दरवेळी पाह्यलं.

शिड्यांपाशी तुंबते हे खरं. पाऊस सुरू, मागून रेटा, पुढं कोणी आजीबाई एकेक दांडी मोजत चढून राहिली, आपण पन्नी पांघरून उभे. चिडचिड होते. कपडे ओलेच राहतात, मांड्या घासल्या जातात. ज्याला ओलं सहन होत नाही त्यानं नागद्वारचं नाव घेऊ नये.

मग माझा कल नागद्वारकडं काहून? तं चौरागडच्या त्या पायऱ्या. चढताना नाही, उतरताना. सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत, त्यामुळे पाय लयीत पडत नाही, आणि पडला तरी प्रत्येक वेळी त्याच गुडघ्याला तोच धक्का. अर्ध्यातच मांड्या थरथरायला लागतात, थांबावं तं मागचे थांबू देत नाहीत, तेवढ्यात खालून नवसाचा त्रिशूल खांद्यावर घेतलेले भगत येतात, वळणावर त्रिशूलाचं टोक फिरते आणि आपण कठड्याला चिकटून उभे. त्यांचं चुकत नाही, एवढं वजन घेऊन चढणाऱ्यालाच वाट द्यावी लागते, पण माझा गुडघा नेमका अशा थांबण्यातच आखडते. घरी आल्यावरही पलंगावरून उठताना आठवण करून देते. नागद्वारला त्याच्यापेक्षा जास्त चालणं होते, पण प्रत्येक पाऊल वेगळं, कुठं ठेवायचं ते आपण ठरवतो, म्हणून अंग सगळं दुखते, गुडघा एकटा नाही. डॉक्टर काय म्हणतील देव जाणे, माझ्या पायांचा अनुभव असा.

हंगामाचंही पाहा. महाशिवरात्रीला हरभरा, गहू काढणीवर आलेला असते, मजूर मिळत नाही. नागपंचमीच्या आधी झड लागली तं निंदण, डवरणी, फवारणी तसंही बंदच, निघता येते.

आई-बाबा सोबत असतील, लहान पोरगं असेल, नाहीतर चक्कर येत असेल तं चौरागडच करा, त्यात कमीपणा नाही. आपल्या जोडीचे चार-पाच जण असतील तं मात्र मी नागद्वारच म्हणीन. महागाचे स्पोर्ट्स बूट घरी ठेवा, पाणी पिऊन फुगतात. बाजारातले साधे प्लास्टिकचे बूट चालतात, पण नवे कोरे नेऊ नका, आधी चार दिवस वावरात घालून टाचा मोकळ्या करून घ्या.