विजेचं चाक, डिचोलीची माती आणि बसणाऱ्याचं अंग: पावसाळ्यासकट वापरानंतर

कुंभारकामाचं विजेवर फिरणारं चाक वापरून झालं, त्याबद्दल हे. आधी यंत्राचं उरकून घेऊ. ३५० वॅटची मोटर, ३० सेंमीची ॲल्युमिनियमची थाळी, पायाचं पेडल, उलटसुलट फिरवायचं बटण. ३ किलोच्या गोळ्यापर्यंत तक्रार नाही. ५ किलोवर जोर लावला की मोटर गुरगुरते आणि थाळी मंदावते. पेडल मात्र वैतागवाणं आहे, जरा दाबलं की वेग थेट मध्यावर उडी घेतो. गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत साधे बोल्ट एका पावसाळ्यात तांबडे झाले; स्टेनलेसचे बसवून घ्या. पाणी आणि वीज एकाच जागी, तेव्हा अर्थिंग तपासून घ्यायचं आणि आरसीसीबीशिवाय (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) प्लग लावायचा नाही.

आता जे माहितीपत्रकात नसतं ते. स्वतःच्या अंगाचा संकोच चाकावर लपत नाही. पोट झाकायला, मांड्या आवळून, लांब बसलेल्या माणसाची कोपरं अधांतरी राहतात. मग गोळा हाताला ढकलतो, मध्यावर येतच नाही, आणि माणूस समजतो की आपल्या दंडात जोर नाही. प्रश्न जोराचा नसतोच. थाळी दोन्ही मांड्यांच्या मधे घ्या, पोट थाळीभोवतीच्या तसराळ्याला टेकू द्या, डावं कोपर जांघेजवळ घट्ट रोवा आणि कमरेतून पुढे झुका. वजन धडाचं पडलं पाहिजे. जाड मांडीचा इथे चक्क फायदा होतो, टेकू रुंद मिळतो. हडकुळ्यांना घडी घातलेला टॉवेल ठेवावा लागतो. बैठक थाळीच्या पातळीला किंवा २-३ सेंमी वर, स्टुलाच्या मागच्या पायांखाली फळी. पाय पोचत नसेल तर पेडल विटेवर चढवा. ओढणी काढून ठेवायची, केस बांधायचे. फिरत्या थाळीला लाजबीज कळत नाही.

गटात शिकताना चाकाचं तोंड भिंतीकडे केलं की निम्मा संकोच जातो. समोर आरसा हवा, म्हणजे भांड्याची कड बघायला मान वाकडी करावी लागत नाही. पण तो इतका खाली लावा की त्यात भांडं दिसेल, चेहरा नाही.

स्वभाव भांड्याच्या भिंतीत दिसतो. मगासाठी ४५० ग्रॅम माती घ्या आणि तयार भांडं तारेने उभं चिरून बघा. भिडस्त हाताचं भांडं तळाशी जाड आणि काठाशी पातळ निघतं, कारण बोटं खाली दाबायला कचरतात. उतावळ्याच्या भिंतीवर जिन्यासारखे वळसे येतात: थाळीच्या एका फेऱ्यात हात अर्ध्या बोटाहून जास्त वर गेला की तेच व्हायचं. सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे परिपूर्णतेचा ध्यास असलेलं. ते सारखं पाणी घेतं, सारखं गुळगुळीत करतं, आणि भिंत पाणी पिऊन बसते. भिंत तीनदा वर ओढूनही उंची आली नाही तर थांबा. आणि हात कुठूनही झटक्याने काढू नका. सावकाश सोडला नाही तर मध्यावर आलेलं भांडं डुगडुगायला लागतं.

घुमट या गोव्याच्या मातीच्या वाद्यासारखा भांड्याच्या पोटाचा फुगवटा काढायला घ्या, फरक लगेच कळतो. आतला हात बाहेर रेटायला धीर लागतो. बिचकणाऱ्याचं भांडं नळकांडंच राहतं.

गोव्यातल्या डिचोलीकडची लाल माती आणली की पाण्यात भिजवून गाळायची. खडा राहिला की ट्रिमिंगला, म्हणजे अर्धवट वाळलेलं भांडं तासताना, ओरखडा ठरलेला. वाळताना-भाजताना किती आकसते ते आधी बघा: मातीच्या पट्टीवर १० सेंमीची रेघ मारून भाजल्यावर मोजायची. तळ आतून दाबून घेतला नाही तर वाळताना नागमोडी चीर पडते.

जुलैत एक मग वाळायला आठवडाही कमी पडतो. अधीर मंडळी पंखा लावतात. एक बाजू आधी वाळते, काठ तिरपा होतो, कानाचा सांधा फुटतो. सैल प्लास्टिक घालून दिवसातून एकदा फिरवा. भट्टीत १०० अंशांखाली दोन-तीन तास धरा, नाहीतर उरलेल्या ओलाव्याची वाफ भांडं फोडते. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचं (गारेचं) आकारमान एकदम बदलतं, तिथेही घाई नको.

वीज वारंवार जाणाऱ्या गावात राहत असाल तर पायाने फिरवायचं चाक घ्या. विजेचं घेणार असाल तर दुकानातच बसून पेडल अगदी मंद वेगावर टिकतंय का बघा, आणि स्टूल तुमच्या उंचीचं मागा. सोबत येतं ते बहुतेकांना चुकीचंच असतं.