लाइव्ह, रेकॉर्डेड की ईमेल? पहिल्या मुलाखतीला हो म्हणायच्या आधी

चॅनेलवरून फोन येतो, "लाइव्ह येता का, की रेकॉर्ड करून घेऊ?" आणि बहुतेक जण पटकन रेकॉर्डेडच म्हणतात, कारण चुकलं तर परत बोलता येतं. मीपण तसंच म्हणायचे. आता विषय वादाचा असेल तर रेकॉर्डेड म्हणत नाही.

रेकॉर्डेडचा फायदा खरा आहे, अडखळलात तर "हे परत घेऊया का" म्हणता येतं आणि शक्यतो कोणी नाही म्हणत नाही. पण तुम्ही 40 मिनिटं बोलता आणि बातमीत लागतो 15-20 सेकंदांचा बाईट, म्हणजे तुमच्या बोलण्यातला छोटा तुकडा, तो कुठला घ्यायचा हे तुमच्या हातात नसतं. मी एकदा आमच्या कामाचे चार फायदे सांगितले आणि एक अडचण, तर चालली फक्त अडचण. शब्द माझेच होते, कोणी खोटं काही दाखवलं नाही, पण मागचं-पुढचं गेलं की अर्थच बदलतो, आणि ते फार लागतं मनाला. म्हणून रेकॉर्डेडची तयारी वेगळी करायची, प्रत्येक वाक्य एकटं ऐकलं तरी नीट कळलं पाहिजे. "मघाशी म्हटलं तसं" नको, नुसतं "हो, बरोबर" पण नको, कारण प्रश्न बऱ्याचदा कापला जातो, त्यामुळे प्रश्नातला विषय उत्तरात घेऊन बोला. फक्त प्रश्नातला वाईट शब्द तेवढा उचलू नका. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन 17 नोव्हेंबर 1973 ला संपादकांसमोर म्हणाले की मी लबाड नाही, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो "लबाड" हाच शब्द. आणि एक, आधीच सांगा की माझ्याकडे 10 मिनिटंच आहेत. जेवढं कमी बोलाल तेवढं कापायला कमी.

लाइव्हला कापाकापी नाही, जे बोललात ते तसंच्या तसं गेलं, मला हेच आवडतं. पण सुटकाही नाही. ब्रिटनमध्ये 1997 साली बीबीसीच्या जेरेमी पॅक्समननी मायकेल हॉवर्ड या नेत्याला एकच प्रश्न साधारण 12 वेळा विचारला, सरळ उत्तर येईना म्हणून, आणि आज इतक्या वर्षांनी त्या मुलाखतीतलं लोकांना तेवढंच आठवतं. तर लाइव्हची तयारी सुरू करायची ती ज्या प्रश्नाची सगळ्यात जास्त भीती वाटते तिथून. माहीत नसेल तर "आत्ता माझ्याकडे ही माहिती नाही" म्हणून पुढे जा, अंदाज ठोकू नका. वेळ 3-4 मिनिटंच मिळतो, त्यामुळे मुख्य मुद्दा पहिल्याच उत्तरात टाका, शेवटी सांगू म्हणाल तर ब्रेक येतो. अँकर समोर बसला असेल तर त्याच्याकडे बघा, दुसरीकडून जोडले गेला असाल तर लेन्सकडे.

कॉलर माईक मात्र दोन्हीकडे सारखाच धोक्याचा. 28 एप्रिल 2010 ला ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन गाडीत बसल्यावर एका मतदार बाईंबद्दल नको ते बोलले, माईक अंगावरच होता आणि चालू होता, निवडणूक आठवड्यावर आलेली. माईक काढून हातात दिल्याशिवाय मुलाखत संपली असं समजू नका.

ईमेल सगळ्यात सुरक्षित, पण उत्तरं कोरडी होतात आणि पत्रकाराला उलट प्रश्न विचारता येत नाही म्हणून त्यांना ते फारसं आवडत नाही. आकडे, नियम, तांत्रिक गोष्टी असतील तर ईमेलच बरा. वर्तमानपत्रासाठी फोनवर बोलत असाल तर समोरचा गप्प झाला की आपण उगाच बोलत सुटतो, तिथे उत्तर संपलं की थांबा. ऑफ द रेकॉर्ड, म्हणजे छापायचं नाही असं, काही सांगायचं असेल तर बोलायच्या आधी तसं ठरवून घ्या, बोलून झाल्यावर म्हटलं तर पत्रकाराने ते मानावंच असं नाही.

मला विचाराल तर वादाचा विषय असेल आणि तयारीला एक-दोन दिवस मिळत असतील तर लाइव्ह घ्या. स्वतःच्या कामाची गोष्ट सांगायची असेल किंवा कॅमेरा बघून डोकं ब्लँक होत असेल तर रेकॉर्डेड. कुठलंही घ्या पण घरच्या कोणालातरी समोर बसवून वाकडे प्रश्न विचारायला लावा, मोठ्याने उत्तरं द्या आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका, मनातल्या मनात छान वाटलेलं उत्तर दीड मिनिटाचं निघालं हे तेव्हाच कळतं.