पर्यावरण कायद्यात करिअर: आधी कंपनी की आधी कोर्ट?

नागपुरात एलएलबी झालं, पर्यावरणाच्या कायद्याची आवड आहे, आता पुढे काय? बुटीबोरी-हिंगण्याकडच्या एखाद्या कंपनीत लीगल-कम्प्लायन्सची नोकरी धरायची, की हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात सीनियरच्या हाताखाली राहायचं?

कंपनीतलं काम बाहेरून रटाळ दिसतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटची, म्हणजे कारखाना चालवायच्या परवानगीची, मुदत सांभाळा, अटी तपासा, घातक कचऱ्याचा हिशेब ठेवा. पण कायदा कळतो तो इथेच. कन्सेंटमध्ये सांडपाणी किती लिहिलंय आणि प्लँटमधून निघतंय किती, हे प्लँट मॅनेजरला तोंडावर विचारावं लागतं. त्याला ते आवडत नाही, हे वेगळं सांगायला नको. शिवाय बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना शेअर बाजार नियामक सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा, अहवाल सक्तीचा केलाय. मॉइल, सोलर इंडस्ट्रीज अशा लिस्टेड कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत. वीज, पाणी, कचरा यांचे आकडे गुंतवणूकदारांसमोर जातात, तेव्हा त्यामागचे कागद वकिलानेही बघितलेले बरे.

कोर्टात पैसा उशिरा येतो, सुरुवातीला तर सीनियर देतील त्यात भागवायचं. पर्यावरणाची प्रकरणं ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला. तिथे अपिलाची मुदत ३० दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०, त्यापुढे दार बंद. विषयांना मात्र विदर्भात तोटा नाही: कोळसा, राख, वाघ, आणि झुडपी जंगल, म्हणजे महसुली नोंदीतली खुरट्या झुडपांची जमीन. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पूर्व विदर्भातली झुडपी जंगलाची जमीन वनजमीनच ठरवली. कंपनीचा वकील अशी जागा घेण्याआधीच सातबारा बघून थांबवू शकतो. कोर्टातल्या वकिलाकडे हेच प्रकरण येतं तेव्हा बहुधा पैसे देऊन झालेले असतात.

माझं मत विचाराल तर आधी दोन-तीन वर्षं कंपनी, तीही हेड ऑफिसात नाही, कारखान्यावर. मंडळाची नोटीस पुढे कोर्टात वाचताना तो अनुभव कामी येतो.

जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशपदाची, परीक्षा डोक्यात असेल तर मात्र उलट करा. मे २०२५ च्याच सुप्रीम कोर्टाच्या दुसऱ्या एका निकालाने त्यासाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणलीय. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित ठेवावी लागते, आणि ती वर्षं वकिलीत धरली जात नाहीत.