प्रीतीविषयीचा अभ्यासवर्ग : घर सांभाळणाऱ्यांना आधार देणारा, दुखावलेल्यांसाठी अपुरा

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कुटुंबांसाठी घेतल्या जाणाऱ्या ख्रिस्ती प्रीतीविषयीच्या अभ्यासवर्गाला आम्ही पतीपत्नी शेवटपर्यंत बसलो. पद्धत साधी आहे : लहान गटात शास्त्रभाग वाचायचा, त्यावर मोकळेपणाने बोलायचे आणि पुढच्या भेटीपर्यंत घरी करायचे एखादे काम वर्गाच्या छापील वहीत लिहून घ्यायचे.

बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राचा प्रीतीवरचा १३ वा अध्याय बहुतेकांनी लग्नाच्या उपासनेतच ऐकलेला असतो. या वर्गात तो त्याच्या मूळ जागी ठेवून वाचला जातो. गटबाजी करणाऱ्या, एकमेकांवर खटले भरणाऱ्या आणि प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ घेतल्या जाणाऱ्या भोजनासाठी, एकत्र येऊनही गरीब बांधवांना उपाशी ठेवणाऱ्या मंडळीला प्रेषित पौलाने हा अध्याय लिहिला, आणि तोही कृपादानांविषयीच्या (पवित्र आत्म्याने दिलेल्या देणग्यांविषयीच्या) १२ व्या व १४ व्या अध्यायांच्या मधोमध. हे एकदा ध्यानात आले की, ‘प्रीती सहनशील आहे’ हे वचन वाचताना ज्याच्याशी आपले जमत नाही असा मंडळीतलाच कोणीतरी आठवतो, आणि चर्चा आपोआप खरी होते.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो आईवडिलांवरचा पाठ. देवाला अर्पण केले असे सांगून आईवडिलांची मदत टाळणाऱ्यांना येशूने कसे फटकारले, तो मार्काच्या ७ व्या अध्यायातील भाग वाचून झाल्यावर, मंडळीच्या कामाला दिलेला वेळ आणि घरातल्या वृद्धांजवळ बसून घालवलेला वेळ असे दोन रकाने भरायला सांगितले गेले. पहिला रकाना सगळ्यांनी भरभर भरला. दुसऱ्यापाशी पेने थांबली. गटातल्या एका बाईंचे मात्र उलटे होते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, त्यामुळे प्रार्थनासभेला येणे होत नाही, असे त्यांनी खालमानेने सांगितले. तेव्हा चालकांनी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायातील ४ थे वचन काढून, घरच्यांची अशी काळजी घेणे देवाला आवडते, हे त्यांना वाचून दाखवले. एवढ्यावर न थांबता, आळीपाळीने दोघीजणींनी सासूबाईंजवळ बसायचे आणि बाईंना उपासनेला येऊ द्यायचे, अशी व्यवस्थाही तिथल्या तिथे लावली. पाठ शिकवणे आणि तो पाळण्याची सोय करणे या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत झालेल्या मी क्वचितच पाहिल्या आहेत.

पतीपत्नींच्या संवादावरचा पाठही उपयोगी आहे. जोडीदाराचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत परत सांगायचे आणि मगच उत्तर द्यायचे, हा त्यातला सराव आम्ही घरी अजूनही करतो. मुलांवरचा पाठ त्रोटक आहे; त्यात आज्ञापालनावर भर आहे, पण पित्यांनी मुलांना चिडीस आणू नये या इफिसकरांस पत्रातील सूचनेला जेमतेम जागा मिळाली आहे.

क्षमेच्या पाठाबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. अपराध करणाऱ्या भावाला किती वेळा क्षमा करावी, हा मत्तयाच्या १८ व्या अध्यायातील येशूचा शिष्य पेत्र याचा प्रश्न आणि त्याला येशूकडून मिळालेले ‘साताच्या सत्तर वेळा’ हे उत्तर विस्ताराने शिकवले जाते. पण त्याच अध्यायातील १५ ते १७ ही वचने वहीत नाहीत. अपराध करणाऱ्या बांधवाशी आधी एकांतात बोलावे, त्याने ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे आणि तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळवावे, असा क्रम तिथे स्पष्ट दिलेला आहे. तो वगळल्यामुळे, घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला किंवा नातेवाइकाने फसवलेल्या माणसाला या पाठातून ‘गप्प राहा’ एवढाच निरोप मिळण्याची भीती आहे. प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्याबरोबर आनंद मानते, हे पौलाने त्याच १३ व्या अध्यायात लिहून ठेवले आहे. क्षमा करणाऱ्याने सुरक्षित जागी जाणे किंवा कायद्याची मदत घेणे प्रीतीच्या विरुद्ध नाही, हे वहीत शब्दशः छापले पाहिजे.

विवाहितांनी शक्यतो जोडीने यावे, कारण घरचे काम एकट्याने करण्यात अर्थ उरत नाही. ज्यांच्या घरी हिंसा होत आहे त्यांनी आधी सुरक्षिततेची तजवीज करावी, विश्वासू पाळकांशी (मंडळीच्या धर्मगुरूंशी) वेगळे बोलून घ्यावे आणि क्षमेच्या पाठाला बसायचे की नाही हे त्यानंतर ठरवावे.