सिटी चौकातल्या चाचांचं जुन्या सेंटचं कपाट : जा, पण निवांत वेळ काढून जा

दुकानाचं नाव टाकत नाही, चाचांनीच नको सांगितलंय. "रीलवाले आ जाते साब, लेते कुछ नै, सब शीश्याँ खोल के सूंघते और चले जाते." त्यामुळं पत्ता एवढाच, संभाजीनगरात सिटी चौक ते शहागंज ह्या पट्ट्यात आतल्या गल्लीत, बाहेर टोप्या, तसबी आणि सुरमा मांडलेला दिसेल, तिथं कुणालाही विचारा जुने सेंटवाले चाचा कुठं बसतात, लगेच सांगतील.

समोरच्या काउंटरवर जे आहे त्यात वेळ घालवू नका. जन्नतुल फिरदौस, मजमुआ, आणि फेमस ब्रँडच्या नावापुढं 'टाइप' लावून विकतात ते सगळं, हे कुठंही मिळतं आणि चाचा स्वतःच म्हणतात की ह्यात काही राम नाही. असली माल मागच्या लाकडी कपाटात. गल्फला गेलेल्या लोकांनी आणलेल्या, कुणाच्या आजीच्या पेटीतून निघालेल्या, जुन्या बाजारात भंगारासोबत आलेल्या परदेशी सेंटच्या अर्ध्या-पाऊण बाटल्या. चाचा त्यातलं एमएलवर देतात, ड्रॉपरनं छोट्या शिशीत. अख्खी बाटली मागितली तर सहसा देत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. हा माणूस बाटली नाकाला लावू देत नाही. जाड कागदाची पट्टी कापतो, काचेचं बूच त्यावर हळूच टेकवतो, पट्टी तुमच्या हातात देतो आणि चहा सांगतो. म्हणजे बसा. मला आधी वाटलं गिऱ्हाईक गुंतवून ठेवायची आयडिया आहे, पण तसं नाही, जुन्या सेंटला खरंच वेळ द्यावा लागतो. लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके वास असतात ना, ते सगळ्यात आधी बिघडतात, ऊन आणि उष्णता लागली तर अजून लवकर, त्यामुळं जुन्या बाटलीचा पहिला भपकारा बऱ्याचदा नेलपेंट रिमूव्हरसारखा नाहीतर नुसता आंबूस येतो आणि माणूस तिथंच म्हणतो खराब झालंय. खराब झालेलं नसतं, वरचा थर उडालेला असतो, खालचं सगळं शाबूत.

ईव्हनिंग इन पॅरिसचं अगदी असंच झालं. गडद निळी बाटली, चंदेरी लेबल, कितीतरी घरांत रिकामी झाल्यावरही साड्यांच्या घडीत ठेवलेली असायची ती. पट्टीवर टेकवल्या टेकवल्या नाक आकसलं. चहा संपेपर्यंत मात्र त्यातून व्हायोलेटचा गोडसर पावडरी वास यायला लागला, मग हलकं व्हॅनिला, आणि मग ते जे बसलं ते दुसऱ्या दिवशी शर्टाच्या खिशातल्या पट्टीला पण येतच होतं. हे बुर्ज्वा कंपनीचं १९२८ चं काम, बनवणारा अर्नेस्ट बो, म्हणजे ज्यानं १९२१ ला शनेल नंबर फाइव्ह बनवला तोच. एक महागात विकला गेला आणि दुसरा सगळ्यांना परवडला, पण हात एकाच माणसाचा हे वास घेतला की कळतं.

शालीमार पण आहे, गेर्लां ह्या फ्रेंच कंपनीचं, १९२५. ह्याचं नाव शालीमार बागेवरून ठेवलेलं आणि शाहजहान-मुमताजची प्रेमकहाणी सांगून जगभर विकलं. आपल्याकडं त्या दोघांच्या सुनेचा मकबरा उभाय, त्यावर कुणी सेंट काढला नाही, असो. चाचांकडच्या बाटलीतला बर्गमॉट (लिंबू-संत्र्याच्याच जातीच्या फळाचा वास) जवळपास गेलेला आहे, ते त्यांनी आधीच सांगितलं, पण खालची धुरकट चामड्यासारखी व्हॅनिला इतकी दाट आहे की मला तरी तक्रार नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जुन्या बर्गमॉट तेलात बर्गॅप्टेन नावाचं रसायन असायचं, त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते, काळे डाग पडतात. नवीन सेंटमध्ये ते काढून टाकलेलं तेल वापरतात, जुन्याची गॅरंटी नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात मानेला लावून गाडीवर फिरू नका, कपड्याला नाहीतर रुमालाला लावा.

माझे पैसे खरे वसूल झाले ते मित्सुकोवर. हा पण गेर्लांचाच, १९१९ चा. सुरुवातीला पिकलेल्या पीचचा वास, तो फळातून काढलेला नाही, लॅबमध्ये बनवलेल्या पदार्थाचा आहे आणि त्या काळात लोकांना तो एकदम नवा होता. पण खरी मजा खाली. ओलसर, कडवट, जंगलात पावसानंतर यावा तसा वास. तो ओकमॉसचा. नावात मॉस असलं तरी ते शेवाळ नाही, ओकच्या झाडावर वाढणारं लायकेन आहे, म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यात पडतं त्या दगडफुलाच्याच खानदानातलं. कुणाकुणाच्या कातडीला त्याची अॅलर्जी होते म्हणून कंपन्या आधीपासून प्रमाण कमी करत होत्या आणि २०१७ च्या नियमानं युरोपनं त्यातल्या अॅट्रानॉल आणि क्लोरोअॅट्रानॉल ह्या दोन घटकांवर बंदीच आणली, त्यामुळं आज तेच नाव असलेली बाटली घेतली तरी हा तळ तसाच्या तसा मिळत नाही. मी मॉलमध्ये नवीन मित्सुको हुंगलेलाय, चांगलाय, पण बुटक्या खुर्चीवर बसल्यासारखा वाटतो, पाय कुठं टेकवायचे कळत नाही.

हे मी चाचांना म्हटलं तर ते हसले, आत गेले आणि एक काळपट अत्तराची शिशी घेऊन आले. शमामा, यूपीतल्या अत्तराच्या कनौजचा, त्यांच्या वडलांच्या वेळचा. कनौजला तांब्याच्या डेगमध्ये माल उकळून वाफ बांबूच्या चोंग्यातून (नळीतून) भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, उतरवतात, भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं, वास त्यात मुरतो. शमामात जटामांसी, कपूरकचरी, जायफळ, लवंग असं बरंच काही जातं आणि त्यात छरीला पण, छरीला म्हणजेच दगडफूल. एका मनगटावर मित्सुको, दुसऱ्यावर शमामा, तासाभरानं दोन्ही हुंगा, तो कडवट ओलसर धागा दोन्हीकडं सापडतो. फ्रेंच बाटल्यांतून जे कमी होत गेलं ते चाचांच्या शिशीत अजून जिवंत आहे, आणि त्या मानानं स्वस्तात. (शमामा गरम असतो, थंडीतच लावा. उन्हाळ्यात वाळ्याचं घ्या, तेही चांगलंय त्यांच्याकडं.)

ओल्ड स्पाइसची जहाजवाली पांढऱ्या काचेची बाटली पण आहे, लवंग-दालचिनी छान टिकलीय, पप्पा लोकांना आवडेल. बायकांसाठीचा ओल्ड स्पाइस १९३७ ला आधी निघाला आणि पुरुषांचा १९३८ ला, हे घरी सांगून बघा कुणी विश्वास ठेवत नाही.

चाचांची सगळ्यात आवडलेली सवय म्हणजे ते खोटं बोलत नाहीत. कुठल्या बाटलीतला माल उतरलाय, कुठल्या अत्तरात चंदनाच्या तेलाऐवजी पॅराफिन आहे हे तुम्ही विचारायच्या आधी सांगतात. ऑनलाइन 'व्हिंटेज' म्हणून जे विकायलेत त्यात जुन्या बाटलीत नवा माल भरलेला पण असतो, तिथं हे कोण सांगणार.

आता कटकटी. कपाटाच्या बरोबर वर ट्यूबलाइट आणि दुपारी दारातून ऊन थेट आत, म्हणजे ज्या मालाला अंधार पाहिजे तोच उजेडात ठेवलाय. मी दोनदा बोललो, "हौ हौ, परदा लगाता" म्हणाले, परदा काही आला नाही. बिल मिळत नाही. दुकानात अत्तराचा वास इतका भरलेला असतो की चौथ्या-पाचव्या पट्टीनंतर नाक कामच करत नाही, थोडं बाहेर येऊन गल्लीत उभं राहावं लागतं. पार्किंगचं नावच काढू नका, गाडी लांब लावा आणि चालत या. जालना-परभणीहून येणार असाल तर शुक्रवारी दुपारी येऊ नका, नमाजसाठी बंद असतं.

भाव सांगायचा तर जुना परदेशी माल दोनशे-तीनशे रुपये एमएलच्या पुढं, शमामा त्याहून कमी. एकाच वेळी सगळं घेऊ नका, दोन पट्ट्या खिशात टाकून घरी या आणि दुसऱ्या दिवशी जी हुंगावीशी वाटेल तीच घ्या. आणि शमामा मागताना "वडलांच्या वेळचा" असं स्पष्ट म्हणा, समोरच्या काउंटरवरचा शमामा वेगळा आहे आणि तो घेण्यासारखा नाही.