‘वगळा’ बटणाचे ५९९ रुपये: अकरा महिन्यांनंतर

परवा माझ्या मांगाच्या (म्हणजे जपानी चित्रकथांच्या) ॲपचा मेसेज आला, वर्गणीचं वर्ष संपत आलंय, यापुढे ५९९ऐवजी ७९९. म्हटलं, भरायचे की नाही ते ठरवण्याआधी लिहून मोकळं व्हावं.

मांगाची यादी ठेवायचं ॲप कसं असतं, ते इथे नव्याने सांगायला नको. वाचलेले खंड नोंदवणं, तारे देणं हे फुकट खात्यातही होतं आणि बरं होतं. मी पैसे मोजले ते फक्त टॅग (गोष्टीला चिकटवलेली चिठ्ठी) ‘वगळा’ या बटणासाठी. टॅग लावून शोधणं फुकट, पण ‘हा टॅग असलेलं मला दाखवू नकोस’ म्हणायचं तर पैसे. जांभळी नाक्याच्या भाजीवाल्याने कारली झाकून ठेवायचे दहा रुपये वेगळे मागितले असते तर मी काय बोललो असतो, ते इथे लिहिता येणार नाही.

तरी भरले, कारण इसेकाई. शब्दाचा अर्थ ‘दुसरं जग’: नायक इथून उचलला जातो आणि तिकडे जाऊन जादू शिकतो. वाईट असतात असं नाही, पण माझं पोट भरलंय. ठाणे-वाशी लोकलचा जेमतेम अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं ह्यांना अंगठ्याने वर ढकलण्यात जायची. वगळा दाबलं आणि यादी धुतल्यासारखी स्वच्छ. पहिले दोन महिने मी दिसेल त्याला हे ॲप घ्यायला सांगत होतो. मी टॅग शोधण्यापेक्षा टाळण्यासाठीच जास्त वापरतो, हे तेव्हा कळलं.

मग मे महिन्यात भाची राहायला आली. वय नऊ. ताईने बजावलं होतं, मोठ्यांचं काही दाखवू नकोस. मी शहाणपणाने ‘सेनेन’ वगळलं. सेनेन म्हणजे प्रौढांचं, एवढं कोणालाही माहीत असतं. मला तिच्यासाठी ‘चीज स्वीट होम’ काढायचं होतं, हरवलेल्या मांजराच्या पिल्लाची गोष्ट. गायब! आणि यादीत सगळ्यात वर काय, तर ‘डेथ नोट’. वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो, ते.

तक्रार केली. पहिली तीन उत्तरं एकाच साच्यातली: ॲप अपडेट करा, कॅशे साफ करा, आपल्या संयमाबद्दल आभार. संयम कुठून आणला यांनी? चौथ्या वेळी बहुतेक खरा माणूस भेटला. त्याने लिहिलं, टॅग बरोबर आहेत. ‘चीज’ २००४ ते २०१५ ‘मॉर्निंग’मध्ये आलं, ते मोठ्या पुरुष वाचकांचं साप्ताहिक. ‘डेथ नोट’ २००३ ते २००६ ‘वीकली शोनेन जंप’मध्ये, म्हणजे मुलांच्या साप्ताहिकात.

दोन दिवस चिडलो होतो. पण त्याचं खरं होतं. शोनेन (मुलगे), शोजो (मुली), सेनेन (मोठे पुरुष), जोसेई (मोठ्या बायका) हे गोष्टीचे प्रकारच नाहीत. गोष्ट कोणासाठीच्या मासिकात छापली गेली, तेवढंच ते सांगतात. आपल्याकडे ‘किशोर’ १९७१पासून निघतं, त्यात विज्ञान, कविता, भुतं, सगळं येतं. म्हणून ‘किशोर’ हा काही कथाप्रकार होत नाही. माझी आजी ‘स्त्री’ मासिक घ्यायची आणि आजोबा ते तिच्याआधी वाचून ठेवायचे. शोनेन मासिकात कांजी (चिनी लिपीतून आलेल्या) अक्षरांशेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापतात, मुलांना वाचता यावं म्हणून. सेनेनमध्ये ते सहसा सगळीकडे नसतात. फरक आहे तो असा. आत मांजर आहे की खून, हे त्यावरून कळत नाही.

म्हणजे चूक माझी? अर्धी. कारण या ॲपवर टॅगला मतं देणारे आम्ही वाचकच, आणि आम्ही सगळे सेनेन हा शब्द ‘रक्त, अंधार, गंभीर चेहरे’ अशाच अर्थाने वापरतो. मासिकाचा शिक्का आणि वाचकांचं मत, दोन्ही एकाच यादीत, एकाच निळ्या रंगात. मराठी ग्रंथ संग्रहालयात (हो, ठाण्यातलं, १८९३चं) पुस्तक एकाच कपाटात राहू शकतं, म्हणून तिथे कोणीतरी विचार करून ठरवतं. इथे एका पुस्तकाला बावीस टॅग, म्हणून कोणीच ठरवत नाही. दोन रंग दिले असते तरी माझे चार मेल वाचले असते.

‘शोकांतिका’ टॅगबद्दल एकच वाक्य: तिसऱ्या खंडावर असताना तो दिसला आणि पुढचे आठ खंड कोण मरणार याची वाट बघण्यात गेले.

मात्र एका गोष्टीने मला थांबवून ठेवलं, ती म्हणजे स्वतःचे टॅग. ‘कोपरखैरण्यापर्यंत संपतं’, ‘शेजारी कोणी बसलं असेल तर उघडू नये’, ‘जेवताना नको’, ‘काही घडत नाही आणि ते बरंय’. या शेवटच्याला जपानीत ‘इयाशिकेइ’ असा नीट शब्द आहे, मनाला बरं वाटायला लावणारं, हे मला नंतर कळलं. पण मी माझाच टॅग ठेवला. असे एकसष्ट झाले. गेल्या महिन्यातल्या अपडेटनंतर मर्यादा वीस. उरलेले एक्केचाळीस ‘संग्रहित’ आहेत म्हणे. कुठे, ते सापडत नाही. विचारलं तर उत्तर आलं: कॅशे साफ करा.

ऑटोपे बंद केलंय. आठवले तेवढे टॅग दुरेघी वहीत उतरवून काढले, ३५ रुपयांची वही. भाची गणपतीत आली तेव्हा तिने मधल्या पानावर स्वतःचे तीन लिहिले. त्यातला एक आहे ‘मामाला चालणार नाही’, आणि त्याखाली पाच नावं. ती मी अजून वाचलेली नाहीत.